आपला पाल्य रतिलाल

"प्रिय पालक, आपला पाल्य रतिलाल आज सांख्यिकीच्या ऑनलाइन तासाला गैरहजर होता. कृपया लक्ष द्यावे."

हा निरोप मोनालीच्या मोबाईलवर पहिल्यांदा आला तेव्हा पाल्य चोपन्न वर्षांचा होता. त्याला रक्तदाबाची गोळी चालू होती. तो रोज जळगावहून धुळ्याला एसटीने अप-डाऊन करून एका सरकारी कार्यालयात अव्वल कारकुनी करत होता. पालक एकवीस वर्षांची होती आणि त्याचीच मुलगी होती. शिवाय पालक आणि पाल्य यांच्यात बोलणं बंद होतं.

हे असं उलटं कसं झालं, ते आधी सांगितलेलं बरं.

एरंडोलला एका साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीत कोणीतरी मोनालीला विचारलं, "काय गं, निकाल काय लागला?" ती सांगू की नको करत होती, तेवढ्यात रतिलालभाऊंनीच सांगून टाकलं, तेही वाढप्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "सगळे विषय निघाले, संख्याशास्त्रात गचकली! आता मला सांगा, संख्याशास्त्रात नापास होतं का कोणी? सरासरी काढायची, बेरजा करायच्या. हे तर आमचा शिपाईसुद्धा करेल."

पंगत हसली. मोनालीने ताटातली जिलबी तशीच ठेवली. हात धुवून आल्यावर ती सगळ्यांसमोरच म्हणाली, "बाबा, तुम्ही पास होऊन दाखवा. मग मी परत बसते. नाही झालात, तर मी कॉलेज सोडते आणि धुळ्याला आत्याच्या बुटीकमध्ये बसते."

"हात्तिच्या! झालं!" रतिलालभाऊ म्हणाले.

त्या 'झालं'नंतर घरात जे बोलणं थांबलं ते थांबलंच. "बाबा" हा शब्द मोनालीच्या तोंडून नाहीसा झाला. काही सांगायचं असेल तर ती आईला सांगे. "आई, त्यांना सांग गॅसवाला आला होता." 'त्यांना' तीन फुटांवर बसलेले असत.

प्रश्न पहिला (अनिवार्य)

*पालकाचा मोबाईल क्रमांक भरा.*

पैजेखातर घेतलेल्या सांख्यिकीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या प्रवेशअर्जातला हा रकाना लाल चांदणीचा होता, म्हणजे रिकामा सोडायची सोय नाही. रतिलालभाऊंनी 'लागू नाही' लिहिलं. यंत्र म्हणालं, आकडेच हवेत. स्वतःचा नंबर टाकला. यंत्र म्हणालं, हा क्रमांक विद्यार्थ्याचा आहे. मग कुंदाबाईंचा, म्हणजे बायकोचा, नंबर टाकला. ओटीपी कुंदाबाईंच्या फोनवर गेला, आणि फोन कुंदाबाईंबरोबर जामनेरला भाचीच्या डोहाळजेवणाला गेला होता. शेवटी त्यांनी मदतकक्षाला फोन लावला.

"आपण विद्यार्थी बोलताय की पालक?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"दोन्ही."

"सर, कृपया एकच पर्याय निवडा."

"अहो ताई, माझे वडील जाऊन बारा वर्षं झाली."

"सॉरी सर. मग सध्या आपली काळजी कोण घेतं?"

हा प्रश्न रतिलालभाऊंना त्यांच्या खात्यात तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. ते जरा गहिवरले. समोर टेबलावर मोनालीचा फोन चार्जिंगला लावलेला होता. त्यांनी तिचा नंबर टाकला, ओटीपी वाचला, भरला, 'सबमिट' दाबलं, आणि दिवे मालवून मोकळ्या मनाने झोपले. तो नंबर पुढे काय काय करणार आहे, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. कारकुनाचं एक असतं. अर्ज पुढे सरकला की तो आपल्या टेबलावरचा नसतो.

प्रश्न दुसरा

*सरासरी म्हणजे काय? उदाहरणासह स्पष्ट करा.*

तास संध्याकाळी सातला. त्या वेळी रतिलालभाऊ पारोळ्याच्या पुढे आणि एरंडोलच्या अलीकडे असत, आणि तिथे नेटवर्क असं जाई की जणू कोणी खिडकीतून बाहेर फेकलंय. म्हणून गैरहजेरी लागे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये ते तासाचं रेकॉर्डिंग बघत. इयरफोन मोनालीचे होते, आणि ते मागायला बोलावं लागलं असतं. म्हणून मोबाईल सीटच्या दांडीला टेकवून पूर्ण आवाजात तास चाले, आणि अख्खी बस शिके.

पडद्यावर मोहिनी मॅडम शांतपणे सांगत, "समजा, एका वर्गात पाच मुलं आहेत..."

"कोनता वर्ग?" मागच्या सीटवरून लोटनभाऊ विचारत. हे पारोळ्याला चढणारे, धुळ्यात बियाण्यांच्या दुकानावर बसणारे गृहस्थ. "रतिलालभाऊ, हाई काय शे?"

"शिक्षण आहे."

"या वयमा?"

कंडक्टर ज्योत्स्नाबाईंनी मात्र विषय एका दिवसात आत्मसात केला. गर्दीच्या दिवशी कोणी उभं राहायला लागलं म्हणून कुरकुरलं, की त्या म्हणत, "ओ काका, पुढे दोघं उभे आहेत, मागे दोघं आडवे झोपलेत. सरासरी काढा. अख्खी बस बसलेलीच आहे."

रतिलालभाऊंना या व्याख्येत काहीतरी चुकतंय हे कळे, पण नेमकं काय ते सांगता येत नसे. हे त्यांना फार लागे. एरंडोलच्या पंगतीत सोपं वाटलेलं सगळं आता वहीत अवघड होऊन बसलं होतं. मध्यक आला, बहुलक आला, आणि मग प्रमाण विचलन आलं. ते आलं तेव्हा रतिलालभाऊंनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कपाशीची उघडी रानं पडली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं की मोनालीनेही असंच वर्गाच्या खिडकीबाहेर बघितलं असेल.

हा विचार त्यांनी लगेच झटकला. बसमध्ये असले विचार करू नयेत. उतरायचं ठिकाण चुकतं.

*(टीप: त्या दिवशी ते धुळ्यात उतरले नाहीत. बस डेपोत गेली आणि रतिलालभाऊ तिच्याबरोबर गेले. कार्यालयात उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं. त्यांनी 'प्रमाण विचलन' असं सांगितलं. साहेबांना तो आजार वाटला आणि त्यांनी दोन दिवस रजा घ्या म्हणून सुचवलं.)*

प्रश्न तिसरा (प्रकल्प, हा केल्याशिवाय उत्तीर्ण होता येणार नाही)

*आपल्या परिसरातील तीस घरांचा यादृच्छिक नमुना घ्या आणि कोणत्याही एका बाबीचा अभ्यास करा.*

बाब त्यांनी निवडली ती बिनधोक. घरात माणशी दिवसाला किती कप चहा होतो? यावरून कोणाचं भांडण होण्याचं कारण नाही, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब कुठे कुठे चुकला, हेच पुढचं सगळं.

'यादृच्छिक' म्हणजे ज्यात आपली मर्जी चालत नाही. मोहिनी मॅडमनी त्यासाठी आकड्यांचा एक तक्ता दिला होता. तो मोबाईलवर मुंगीएवढा दिसे. मग रतिलालभाऊंना सुचलं की चिठ्ठ्या काढाव्यात, आणि चिठ्ठ्या म्हणजे शेजारच्या लताबाई. त्या कॉलनीतल्या बायकांची भिशी चालवत. दर महिन्याला स्टीलच्या डब्यातून त्यांच्या हाताने चिठ्ठी निघे आणि त्यांच्या हातावर कोणाचा संशय नव्हता.

"द्या की डबा," रतिलालभाऊ म्हणाले. "सगळ्या घरांची नावं टाकू."

एका रविवारी लताबाईंच्या ओट्यावर चिठ्ठ्या निघाल्या. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं, रतिलालभाऊंनी चहाची भिशी काढली.

आता भिशीचा नियम सगळ्यांना पाठ असतो. जिची चिठ्ठी निघते तिला रक्कम मिळते आणि त्या बदल्यात तिने सगळ्यांना खाऊ घालायचं असतं. रतिलालभाऊ पहिल्या घरी पेन-पॅड घेऊन गेले, तर टेबलावर शेव, भजी, केळाचे वेफर्स आणि वाफाळता चहा मांडलेला.

"अहो, हे कशाला?"

"आमची चिठ्ठी निघाली ना. बसा, बसा. बाकीचे कधी येणार?"

"बाकीचे कोणी नाही. मीच. फक्त प्रश्न विचारायचाय."

"विचारा. पण चहा आधी."

प्रत्येक घरी हेच. मे महिना, जळगावचं ऊन, पंखा गरम वारा फेकतोय, आणि रतिलालभाऊ प्रत्येक घरी 'तुम्ही दिवसाला किती कप पिता' हे विचारत एकेक कप पीत आहेत. बरं, नाही म्हणावं तर चिठ्ठीचा अपमान. तीन घरांनंतर पोटात जळजळ सुरू झाली. दहा घरांनंतर कुंदाबाईंनी खिशात ॲसिडिटीच्या गोळ्या घालायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये यावर परिसंवाद झाला.

"त्यांनी मला पाजला तो कप त्यांच्या हिशेबात धरायचा का नाही?" रतिलालभाऊंनी विचारलं.

"कसाले धराना?" लोटनभाऊ म्हणाले. "तो ते पाहुणाना चहा शे."

"पण मी गेलो नसतो तर त्यांनी बरोबरीने अर्धा कप घेतला नसता," रतिलालभाऊ म्हणाले. "म्हणजे मी मोजायला गेलो की आकडा वाढतो."

"मग जाऊ नका," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"मग मोजू कसं?"

यावर ज्योत्स्नाबाई तिकिटं काढत पुढे सरकल्या. मोठमोठ्या लोकांनाही हा प्रश्न सुटला नसावा, असं मानून रतिलालभाऊंनी स्वतःचं समाधान करून घेतलं.

कोपऱ्यावर अभयकुमार शेठजींचं किराणा दुकान, वर घर. चिठ्ठीत त्यांचं नाव होतं. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"रतिलालभाऊ, तुम्ही सरकारी माणूस. खरं सांगा. हे आयकराचं आहे ना?"

"चहाचं आहे हो!"

"तेच. आता कपावरून उत्पन्न काढतात. लिहा, निल. आमच्याकडे चहा नाही."

आतून त्यांच्या आईचा, हीराबाईंचा आवाज आला, "खोटं कशाला बोलतोस रे अभय? दुकानावरचे धरून सहा पितो. सूर्यास्ताआधी सगळे उरकतो म्हणून काय मोजायचे नाहीत?"

अभयकुमारांनी रतिलालभाऊंकडे असं पाहिलं, की हा आकडा पुढे कुठे गेला तर तुम्ही जबाबदार.

हे झाले निघालेल्या चिठ्ठ्यांचे हाल. न निघालेल्यांचे वेगळेच. त्यांना वाटलं आपल्याला वगळलं. लग्नाला बोलावलं नाही तर माणूस एक वेळ विसरतो, पण मोजायलाच घेतलं नाही म्हणजे काय? मागच्या गल्लीतल्या रत्नाअक्कांनी त्यांना रस्त्यातच गाठलं. या मूळच्या अमळनेरकडच्या. रागावल्या की अहिराणीत येत.

"बठ्ठासले इचारं, माले कसाले नही?"

"अक्का, चिठ्ठी निघाली नाही तुमची. ते यादृच्छिक असतं."

"कोण तो?"

"कोणी नाही. म्हणजे... नशीब."

"तीस वरीस झायात माले या गल्लीमा. नशीब काय सांगस तू माले?"

रतिलालभाऊंनी त्यांच्याही घरी चहा घेतला. तो आकडा वहीत कुठेच बसत नव्हता, पण मान राखला गेला. असे न निघालेले आणखी किती चहा झाले, हे त्यांनी कुंदाबाईंनाही सांगितलं नाही.

प्रश्न चौथा

*मिळालेल्या माहितीत एखादा आकडा इतरांशी विसंगत दिसतो का? कारण शोधा.*

दिसत होता. लताबाई आणि त्यांचे यजमान, दोनच माणसं. दोघं सकाळी एकेक, दुपारी एकेक. म्हणजे चार. पण लताबाईंनी सांगितले पाच.

"पाचवा कोणाचा?" रतिलालभाऊंनी विचारलं.

लताबाई ओट्यावर बसून गवार निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या मोनालीचा."

"ती चहा पीत नाही."

"पिते की. रोज चार वाजता येते. इथेच पायरीवर बसते. आलं जास्त घातलेला लागतो तिला."

"कधीपासून?"

"साखरपुड्याहून आल्यापासून." लताबाईंनी एक शेंग मोडली. "भाऊ, तुम्हाला माहीत नाही?"

रतिलालभाऊंनी पेन खिशाला लावलं. पेनाला टोपण नव्हतं, त्यामुळे शर्टावर निळा डाग पडला. तो त्यांना घरी पोचेपर्यंत दिसला नाही.

आणि घरी पोचल्यावर शेवटची चिठ्ठी त्यांनी उघडून पुन्हा बघितली. खरं तर ती पहिल्या दिवशीच निघाली होती, पण त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवून दिली होती. तिच्यावर त्यांचंच नाव होतं. तिसावं घर त्यांचंच. आपल्या घरचं काय विचारायचं, बसल्या जागी लिहून टाकू, असं त्यांना वाटलं होतं. मी चार, कुंदा दोन, मोनाली शून्य.

ते शून्य आता लिहिता येईना. आणि विचारावं तर बोलणं बंद. एकोणतीस घरी त्यांनी 'दिवसाला किती कप' असं बिनदिक्कत विचारलं होतं. पलीकडच्या खोलीत दिवा चालू होता. ते दारापर्यंत गेले, पडद्याला हात लावला, आणि पाणी प्यायला आलोय असं दाखवून माठाकडे वळले.

प्रकल्प एकोणतीस घरांचाच पाठवला गेला.

अंतिम परीक्षा

परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. सूचना स्पष्ट होत्या. खोलीत दुसरी व्यक्ती नको. तीन ताकिदींनंतर परीक्षा आपोआप बंद.

रतिलालभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पहिला प्रश्न उघडतो न उघडतो तोच पडद्यावर लाल अक्षरं उमटली: *दुसरी व्यक्ती आढळली.*

खोलीत कोणी नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. भिंतीवर हार घातलेला वडिलांचा फोटो होता.

त्यांनी स्टुलावर चढून फोटोला नमस्कार केला आणि वडिलांचं तोंड भिंतीकडे केलं. आयुष्यात परीक्षेच्या वेळी वडील मागे उभे नाहीत, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. खाली उतरेपर्यंत पाच मिनिटं गेली होती.

पुढे बरं चाललं होतं. सरासरी आली, मध्यक आला. प्रमाण विचलनाच्या उदाहरणात ते वर्गमुळापर्यंत पोचले, तोच मागच्या दाराने रत्नाअक्का ट्रे घेऊन आत आल्या. "परीक्षा शे ना तुन्ही? चहा पी ले आधी." कुंदाबाई मागून धावत आल्या, "अक्का, तिकडे नको!" पडदा लाल झाला. कुंदाबाईंनी अक्कांना दंडाला धरून बाहेर काढलं. मग खिडकीतून अभयकुमार डोकावले. "रतिलालभाऊ, तो सहाचा आकडा पाठवला नाही ना अजून?"

*परीक्षा समाप्त. सहकार्याबद्दल धन्यवाद.*

रतिलालभाऊंनी पुन्हा स्टुलावर चढून वडिलांना सरळ केलं.

निकाल यायला आठवडा लागला. अनुत्तीर्ण. शेरा होता: *परीक्षा अपूर्ण. प्रकल्पात एक घर कमी.*

कॉलनीने दुखवटा पाळला. बसमध्ये लोटनभाऊंनी त्यांना खिडकीची जागा दिली. कुंदाबाईंनी न विचारता भरीत केलं. आणि धुळ्याहून आत्याचा फोन आला की मोनाली एक तारखेपासून येणार ना, मशीन मोकळं ठेवलंय. कुंदाबाईंनी फोन तोंडावर हात ठेवून घेतला, पण घर ते किती, ऐकू आलंच. शब्द रतिलालभाऊंनीच दिला होता, पंगतीत, वाढप्यांसमोर.

रविवारी सकाळी ते पेपर घेऊन बसले होते. पलीकडच्या खोलीतून मोनालीचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती. मोठ्याने, कारण रेंज खिडकीजवळच येत असे.

"हो मॅडम, मी पालकच बोलतेय. पालक सभेची लिंक मिळाली."

रतिलालभाऊंनी पेपर खाली केला. लाल चांदणीचा तो रकाना त्यांना आत्ता आठवला. म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे सगळे निरोप, सगळ्या गैरहजेऱ्या, 'आपल्या पाल्याची प्रगती असमाधानकारक' पासून 'प्रकल्पात एक घर कमी'पर्यंत सगळं हिच्या फोनवर.

"नातं?" मोनाली म्हणाली. "मुलगी... हो, मॅडम, बरोबर ऐकलंत. मी मुलगी, ते पाल्य."

पलीकडे मोहिनी मॅडम काहीतरी विचारत असाव्यात.

"नाही, हुशार आहेत," मोनाली म्हणाली. "पण अभ्यासाला बसले की शेजारी चहा घेऊन येतात. आणि तास त्यांच्या बसमध्ये होतो, त्यात त्यांची काय चूक?... सोपा नाही हो हा विषय. मलाही नाही जमला."

रतिलालभाऊंनी चष्मा काढून शर्टाने पुसला. शर्ट तोच, निळ्या डागाचा. चष्माही निळा झाला.

"परत बसवा त्यांना," मोनाली म्हणत होती. "डिसेंबरला. मी घेते अभ्यास. माझाही पेपर तेव्हाच आहे, काल फॉर्म भरला. नाही, कॉलेज नाही सोडत. आत्याला सांगेन मी. पाल्य एकटा कसा अभ्यास करणार?"

फोन बंद झाला. रतिलालभाऊंनी पटकन पेपर वर धरला. पडदा सरकला. मोनाली येऊन समोरच्या खुर्चीवर बसली, थेट त्यांच्यासमोर.

पेपरच्या आडूनच त्यांनी विचारलं. एकोणतीस घरी विचारलेलं, पाठ झालेलं वाक्य होतं.

"मोना, दिवसाला... किती कप?"

"दोन," ती म्हणाली. "एक लताकाकूंकडे, आलं घातलेला. आणि दुसरा मी घरी रात्री करून घेते, तुम्ही झोपल्यावर."

त्यांनी पेपर ठेवला, वही ओढली आणि तिसाव्या घरापुढे लिहायला पेन उचललं.

"थांबा," मोनाली म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. किसणीवर आलं किसल्याचा आवाज आला. "बाबा, लताकाकूंचे चारच करा. पाचवा आपल्यात धरा."